अर्ध्या इंचाची साखळी

पहिला दिवस, रविवार : पुणे

गाडी संध्याकाळची होती, म्हणून सकाळ जुन्या बाजाराला दिली. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी तिथे बरीच वर्षं एकाच गोष्टीसाठी जातो. जमिनीचे नकाशे हाताने आखायची जुनी साधनं शोधायला. कोन मोजणारा थिओडोलाइट, उंचसखलपणा पाहणारी डम्पी लेव्हल यांच्या मागे मी नसतो. ती पितळी यंत्रं देखणी असतात, लोक ती दिवाणखान्यात मांडतात, त्यामुळे ती जपलीही जातात. मला हवं असतं ते टेबलावरचं सामान: रूलिंग पेन, डिव्हायडर, कोनमापक, समांतर पट्टी, टोचणी, नकाशा लहान-मोठा करून उतरवणारा पॅन्टोग्राफ. शेतात घेतलेलं माप कागदावर उतरतं ते या सामानातून. माणूस गेला की त्याची पेटी वर्षभर माळ्यावर राहते आणि मग दिवाळीच्या साफसफाईत भंगारात जाते.

दहाच्या सुमाराला एका ताडपत्रीवर कुलपं, नटबोल्ट आणि चष्म्याच्या काड्यांच्या ढिगात एक लाकडी पट्टी दिसली. जेमतेम दोन इंच लांब, कडा तिरप्या तासलेल्या, पिवळसर बॉक्सवुडची. अंगठा जिथे टेकत असेल तिथे मळून काळपट झालेली. विकणारा म्हणाला, "काका, ती तुटकी फूटपट्टी आहे, आकडेपण चुकलेत. चांगली देतो थांबा."

आकडे वेगळे होते हे खरं. १, २, ३, ४ असेच होते, पण प्रत्येक आकडा अर्ध्या इंचावर. त्या अर्ध्या इंचात रेघा मोजल्या. भाग सोळा.

मी तिथेच उकिडवा बसलो. माझे वडील भूकरमापक होते. त्यांची बारा इंची पट्टी माझ्याकडे आहे आणि तिच्यावरही आकडे असेच अर्ध्या अर्ध्या इंचावर आहेत. मुंबई इलाख्यातली मोजणीची साखळी ३३ फुटांची, आणि तिचे भाग सोळा. एका भागाला आणा म्हणत. इंग्रज गणिती गंटरने १६२० च्या सुमाराला रूढ केलेली साखळी ६६ फुटांची आणि शंभर कड्यांची, तिच्या बरोबर निम्मी ही आपली. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एकर. रुपयाचे सोळा आणे आणि साखळीचेही सोळा आणे, त्यामुळे शेतकऱ्याला मोजणीचा हिशेब तोंडी कळायचा. आता अर्धा इंच म्हणजे एक साखळी धरा: कागदावरच्या एका चौरस इंचात बरोबर चार गुंठे बसतात. पट्टी तुटलेली नव्हती, तेवढीच होती. ती ऑफसेट पट्टी. मोठी पट्टी मूळ रेषेवर ठेवायची, ही छोटी तिच्या कडेला काटकोनात टेकवून सरकवत न्यायची, आणि शेतात शंकू, म्हणजे काटकोन साधायचं साधन, लावून जिथे जिथे लंब काढला असेल तिथे तिथे कागदावर तेवढाच लंब काढून टोकाला टोचणीने टोचायचं. वडिलांच्या पट्टीची ही जोडीदारीण मी आजवर पाहिली नव्हती.

त्याने ऐंशी रुपये सांगितले. मी शंभर दिले आणि ती काय वस्तू आहे तेही त्याला सांगितलं. पुढच्या वेळी अशी पट्टी आली तर तो ती फेकणार नाही.

दोन ओळी पलीकडे एक पितळी होकायंत्र होतं, झाकणाच्या आत इंग्रजी कविता आणि लंडनच्या एका कारखान्याचं नाव. मोजणीदाराच्या होकायंत्रात कविता नसते. जुन्या यंत्रावरच्या अंशांच्या रेघा यंत्राने एकेक कापलेल्या असतात, नखाला धार लागते. इथे त्या ओतीव होत्या, कडा गोल. शेजारी एक हस्तिदंती कोनमापक होता, तो मात्र खरा. मी तो हातातही घेतला नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताचा व्यापार बंद आहे आणि तो बंदच असायला हवा.

संध्याकाळी स्टेशनवर पुतण्या भेटला. तो मोजणीचंच काम करतो, पण उपग्रहावरून जागा टिपणारं रोव्हर आणि ड्रोन घेऊन. रजा काढून माझ्याबरोबर येतोय. दौंड गेल्यावर त्याला खिडकीतून आग्नेयेकडे दाखवलं: तिकडे इंदापूर. १८२७ नंतर कंपनी सरकारचा अधिकारी प्रिंगल याने पुणे जिल्ह्यात केलेली मोजणी आणि आकारणी फसली, कर डोईजड झाले, लोक गावं सोडून गेले. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून काम नव्याने सुरू केलं. आपला सर्व्हे नंबर, आकार म्हणजे जमिनीचा सारा, हद्दीचे दगड या सगळ्याची घडी तिथून बसली. अंधारात काहीच दिसत नव्हतं, पण त्याने मान वळवून पाहिलं.

दुसरा दिवस, सोमवार : हिंगणघाट

सकाळी वर्ध्याला उतरून बसने हिंगणघाट. कापसाचा हंगाम, रस्त्याच्या दोन्ही कडांना बाभळीच्या काट्यांना पांढरे बोळे अडकलेले.

इथे विल्यम लॅम्बटनचं थडगं आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात करणारा माणूस. १० एप्रिल १८०२ रोजी त्याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी पहिली आधाररेषा, म्हणजे पुढचे सगळे त्रिकोण जिच्यावरून काढायचे ती रेषा, मोजायला घेतली. साडेसात मैल लांबीला ५७ दिवस लागले. साखळी शंभर फुटांची, पोलादी, अडीच अडीच फुटांच्या चाळीस सळयांची. ती जमिनीवर टाकून मोजत नव्हते. तिवयांवर लाकडी पेट्या समपातळीत मांडून त्यांत ती ठेवायची, शेजारी तापमापक, आणि प्रत्येक वेळी तापमानाची नोंद. कारण पोलाद उन्हात वाढतं. फॅरनहाइटचा एक अंश चुकला तर साडेसात मैलांत सुमारे तीन इंचांचा फरक पडतो. हा हिशेब मी पुतण्याला बसमध्ये करून दाखवला. तो म्हणाला, "आमच्याकडे हे मशीनच करतं, काका. पण करतं काय ते आज कळलं."

थडग्यापर्यंत पोचायला दोनदा वाट विचारावी लागली. वीस वर्षं हा माणूस दक्षिणेतून उत्तरेकडे त्रिकोणाला त्रिकोण जोडत आला, हैदराबादहून मुक्काम हलवून नागपूरकडे निघाला होता आणि जानेवारी १८२३ मध्ये इथे, वाटेतच, गेला. वय सत्तरीच्या आसपास. आठवणी लिहून ठेवल्या नाहीत. पुतण्याने फोनवर अक्षांश पाहिले, २० अंश ३३ मिनिटांच्या जवळपास. आम्ही दोघं थोडा वेळ काही न बोलता उभे राहिलो. मला नेहमी वाटतं की अशा तंबूत यंत्रांशेजारी एक टेबल असणारच, आणि त्यावर दिव्याच्या उजेडात कुणीतरी दिवसभराचे कोन कागदावर उतरवत बसलेला असणार. त्याचं नाव कुठे सापडत नाही.

दुपारी गावातल्या एका घरी गेलो. त्या घरचे आजोबा नकाशे आखायच्या नोकरीत होते, त्यांची पेटी दाखवतो असं नातवाने कळवलं होतं. चहा झाला, वहिनींनी कपाटातून पेटी काढली आणि संकोचून म्हणाल्या, "आता हे कोणाच्या काय कामाचं जी? पण फेकवलं नाही."

सागवानी पेटी, आत निळी मखमल, कोपऱ्यांत कसर लागलेली. साधनं जर्मन सिल्व्हरची. नावात चांदी असली तरी त्या धातूत चांदी नसते. तांबं, जस्त आणि निकेल यांचं ते मिश्रण, म्हणून मखमलीत ओल धरली की हिरवा गंज चढतो. मी एक रूलिंग पेन उचलून खिडकीपाशी नेलं.

रूलिंग पेनवर मी तासभर बोलू शकतो आणि त्या दिवशी बोललोही. दोन पोलादी पाती, त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त करणारा एक स्क्रू. पेन शाईत बुडवायचं नसतं. पात्यांच्या फटीत थेंबाने शाई सोडायची, पाच-सहा मिलिमीटर उंचीपर्यंत, त्याहून जास्त झाली तर रेघेच्या सुरुवातीलाच डाग पडतो. स्क्रू पट्टीच्या विरुद्ध बाजूला, पेन जवळजवळ उभं, आणि हात थांबवायचा नाही. कागद पाती खातो. टोक बोथट झालं की उजेडात तिथे एक बारीक ठिपका चमकतो, आणि तो दिसला की पेन तेलाच्या दगडावर लावायचं. घासायचं फक्त बाहेरून. आतून कधीही नाही, आतून घासलं की पात्यांचा मेळ जातो आणि शाई नीट उतरत नाही.

या पेनचं एक पातं दुसऱ्याहून किंचित अरुंद होतं, बाहेरून शेकडो वेळा घासलेलं, आणि टोकाचा गोलवा अजून निर्दोष होता. चमकता ठिपका नव्हता. म्हणजे आजोबांनी शेवटचं काम संपवून पेन धुतलं, दगडावर लावलं, पुसलं आणि मग पेटी बंद केली. मी हे सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मामंजी जेवल्यावर ताटसुद्धा स्वतः घासत."

नातवाने विचारलं, किती देता. मी म्हटलं, मी घेणार नाही. मखमलीखालची कसर काढा, पेटीत कापूर ठेवा, पात्यांना शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवा आणि स्क्रू ढिले करून ठेवा, म्हणजे पाती ताणलेली राहणार नाहीत. जुनं पितळ चकचकीत करायची पावडर लावू नका. कारखान्याची खूण, हाताने कोरलेली आद्याक्षरं, कोणत्या बोटाखाली धातू झिजला, हे सगळं त्या पावडरीने जातं. मी प्रत्येक साधनाचं मोजमाप, झीज आणि आजोबांचं गाव-साल माझ्या वहीत लिहून घेतलं. पुष्कळदा माझा संग्रह म्हणजे अशी वहीतली पानंच असतात. वस्तू ज्या घरात वापरली गेली तिथे ती राहत असेल तर ती तिथेच शोभते.

निघताना नातवाने एक जुना गावनकाशा दाखवला, कापडावर चिकटवलेला. मी तो खिडकीशी उजेडासमोर धरला. जिथे कापड सुटलं होतं तिथे प्रत्येक बांधाच्या कोपऱ्यावर सुईच्या टोकाएवढं भोक होतं, उजेड येणारं. मूळ नकाशा वर ठेवून, टोचणीने कोपरे खालच्या कागदावर उतरवून, मग रेघा जोडल्या होत्या. मुंबई इलाख्यातल्या गावनकाशाचं प्रमाण एका इंचाला वीस साखळ्या. त्या मापात एका चौरस इंचाचे दहा एकर होतात. एवढ्याशा जागेत टोचणी केसभर सरकली तरी शेताची हद्द हलते. मुलं रांगेने येऊन डोळा लावून भोकं पाहत होती. आजोबांचा हात त्यांना पहिल्यांदा दिसला असावा.

तिसरा दिवस, मंगळवार : गाडीत

रात्री नागपूर, पहाटे दिल्लीकडे. दिवसभर गाडीत.

भोपाळनंतर विदिशा, गंजबासोदा. इथून पश्चिमेला सिरोंज, आणि सिरोंजजवळ कल्याणपूर. भारताच्या सर्वेक्षणाचं गणित या एका टेकाडावरच्या बिंदूला बांधलेलं होतं. अक्षांश-रेखांशांची सुरुवात तिथून. लॅम्बटनच्या नंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने सिरोंजची आधाररेषा १८२४-२५ मध्ये साखळीने मोजली आणि तेरा वर्षांनी पुन्हा मोजवून घेतली, कारण मधल्या काळात कोल्बीच्या पट्ट्या आल्या होत्या. पितळ आणि लोखंड यांच्या दहा फुटी पट्ट्या शेजारी शेजारी जोडलेल्या. दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात, आणि टोकांच्या आडव्या जिभांवरची खूण अशा ठिकाणी घेतलेली असते की पट्ट्या कितीही वाढल्या तरी ती जागची हलत नाही. आपल्याच जुन्या मोजणीवर संशय घेऊन ती पुन्हा करायची, हे मला फार मोठं वाटतं. इथे उतरायचं होतं पण दिवस पुरत नव्हते.

पुतण्या वरच्या बर्थवर झोपला. मी दोन्ही पट्ट्या मांडीवर ठेवून आकडे जुळवत बसलो. मोठीवरचे आकडे छोटीवरच्या आकड्यांशी डोळ्यांना तंतोतंत जुळत होते, पण धावत्या गाडीत डोळ्यांवर किती विश्वास ठेवणार.

चौथा दिवस, बुधवार : रुरकी

दिल्लीहून सकाळच्या गाडीने रुरकी. मराठी माणसाला हे गाव आयआयटीमुळे माहीत असतं. मला ते आखणीच्या सामानाचं गाव म्हणून जवळचं आहे. गंगेचा कालवा खोदायला माणसं हवी होती, म्हणून १८४७ मध्ये इथे स्थापत्य अभियांत्रिकीचं कॉलेज निघालं. कालवा १८५४ मध्ये सुरू झाला. कालव्याबरोबर कार्यशाळा आल्या, आणि मोजणीची यंत्रं, ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, पट्ट्या बनवण्याचा धंदा गल्ल्यागल्ल्यांतून मुरला. आजही छोटे कारखाने आहेत.

अशाच एका कारखान्यात दुपार गेली. मालक साठीचे, सगळे त्यांना उस्ताद म्हणत होते. पट्टीवर खुणा पाडायचं हाताचं यंत्र त्यांनी आमच्यासाठी चालवून दाखवलं. एक लांब स्क्रू, त्याच्या टोकाला दातेरी चाक. चाक ठरावीक दाते फिरलं की पाटा ठरावीक सरकतो आणि वरची सुरी खाली येऊन एक रेघ कापते. या यंत्राचं कूळ इंग्रज उपकरणकार जेसी रॅम्सडेनपर्यंत जातं. १७७० च्या दशकात त्याने वर्तुळाचे आणि सरळ पट्टीचे भाग पाडणारी यंत्रं बनवली, आणि तोवर कारागीर आयुष्यभर हाताने करत आला होता ते काम शिकाऊ पोरगाही करू लागला. उस्ताद म्हणाले, यंत्र सगळं करतं, पण सुरीला धार कधी लावायची ते यंत्राला कळत नाही.

मी माझी पट्टी पुढे केली. त्यांनी भिंगाखाली पोलादी मोजपट्टीशेजारी ठेवून बराच वेळ पाहिली. मग पुतण्याला बोलावून त्यालाही दाखवली. दोन इंचांत कुठेही फरक नव्हता. रेघेच्या जाडीइतकाही नाही. बॉक्सवुडचे तंतू दाट असतात आणि लाकूड तंतूंच्या दिशेने फारसं आकसत नाही, म्हणून पट्ट्यांना हेच लाकूड निवडत, असं त्यांनी सांगितलं. कागदाचं तसं नसतं. तो पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, म्हणून जुन्या नकाशावर प्रमाणाची रेघ काढून ठेवतात. कागद आकसला तर ती रेघही तेवढीच आकसते आणि माप खरं राहतं. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली जी माझ्या नजरेतून सुटली होती: दुसऱ्या आकड्याजवळच्या तीन रेघा बाकीच्यांहून किंचित खोल होत्या. "इथे सुरी नवी लावलीय," ते म्हणाले. कोण जाणे कोणत्या साली, कोणत्या कारखान्यात, एका माणसाने दुसऱ्या आकड्याशी काम थांबवलं, सुरी बदलली आणि पुढे सुरू केलं. मला त्या तीन रेघा आता दुरूनही ओळखू येतात.

बाहेरच्या खोलीत शोभेची पितळी होकायंत्रं आणि दुर्बिणी ठेवल्या होत्या, निर्यातीच्या. उस्ताद ती नवी म्हणूनच विकतात, पावतीवर तसं लिहितात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. तरी बाहेर मागणी असते, म्हणून प्रतिकृती बनतात. पुढे कुणाच्या तरी हातात ती पावती गळून पडते आणि वस्तू 'जुनी' होते. पुण्याच्या बाजारातलं कवितेचं होकायंत्र असाच प्रवास करून आलं असेल.

संध्याकाळी सोलानीच्या जलसेतूपर्यंत चालत गेलो. नदीच्या डोक्यावरून कालवा जातो आणि दोन्ही टोकांना दगडी सिंह बसलेले. पाणी इतकं शांत वाहतं की उतार आहे हे डोळ्यांना पटत नाही. तो उतार आधी कागदावर काढावा लागला होता.

पाचवा दिवस, गुरुवार : डेहराडून

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संग्रहालयासाठी आधीच पत्र पाठवलं होतं. आत गेलो आणि लॅम्बटनच्या थिओडोलाइटसमोर उभा राहिलो. मी थिओडोलाइटच्या मागे नसतो असं पहिल्या दिवशी लिहिलंय. हा अपवाद, आणि का ते सांगतो.

लंडनच्या विल्यम कॅरीने बनवलेलं हे यंत्र. आडवं वर्तुळ ३६ इंच व्यासाचं, एकूण वजन अर्ध्या टनाच्या घरात. येतानाच फ्रेंचांनी ते जहाज पकडून मॉरिशसला नेलं आणि यंत्र काय आहे हे कळल्यावर सन्मानाने परत पाठवलं. १८०८ मध्ये तंजावरला आसपास उंच जागा नव्हती, म्हणून ते मंदिराच्या गोपुरावर चढवत होते. दोर तुटला. यंत्र भिंतीवर आपटलं, वर्तुळ वाकलं. ज्या वर्तुळावर अंशांचे सूक्ष्म भाग कापलेले, तेच वेडंवाकडं झालं. दुसरं यंत्र मागवायचं तर वर्षं गेली असती.

लॅम्बटन ते घेऊन त्रिचनापल्लीला गेला आणि कामाला बसला. त्याने काय केलं, तर एका मोठ्या सपाट फळीवर वर्तुळ मुळात जेवढं होतं तेवढं आखलं आणि कापलं. मग पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून वाकलेला कडा त्या आखलेल्या वर्तुळापर्यंत थोडा थोडा ओढत आणला. सहा आठवडे. शेवटी वर्तुळ पुन्हा जवळजवळ पूर्वीच्या आकारात आलं आणि त्याच यंत्राने पुढची अनेक वर्षं देश मोजला गेला.

हे मी वाचलेलं होतं, पण यंत्रासमोर उभं राहिल्यावर दिसलं की हा अर्ध्या टनाचा अधिकार एका फळीवर हाताने काढलेल्या रेघेपुढे मान तुकवून परत उभा राहिला. अठरा इंच त्रिज्येचं वर्तुळ शाळेच्या कंपासने निघत नाही. एक लांब दांडा, एका टोकाला रोवायचा काटा, दुसऱ्या टोकाला खूण करणारं टोक. बीम कंपास म्हणतात तो याच कामाचा. लॅम्बटनने नेमकं काय वापरलं असेल ते असो, त्या खोलीत एक माणूस फळीवर ओणवा होऊन वर्तुळ आखत होता आणि त्या आखणीवर पुढचं सगळं अवलंबून होतं. थिओडोलाइट जपून ठेवलाय ते योग्यच. त्या फळीचं काय झालं असेल? चुलीत गेली असेल. माझ्यासारख्या माणसाने काय गोळा करावं याचं उत्तर मला त्या फळीत दिसतं, म्हणून मी पट्ट्या आणि पेनं शोधत फिरतो.

पुतण्या मात्र त्या वर्तुळावरचे भाग पाहून हलेना. रोज स्क्रीनवर सेकंदापर्यंत कोन पाहणारा मुलगा. "हे कुणीतरी डोळ्याने वाचायचं?" त्याने विचारलं. हो, सूक्ष्मदर्शक लावून, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा, वर्तुळ फिरवून वेगवेगळ्या खुणांवर, म्हणजे एका खुणेची चूक दुसरीने फिटावी. मग ते आकडे गणकांकडे जायचे. राधानाथ सिकदार १८३१ मध्ये या कामावर लागला, पुढे कितीतरी वर्षं डेहराडूनला आकडेमोड करत होता, आणि पंधराव्या क्रमांकाचं शिखर, म्हणजे आजचं माउंट एव्हरेस्ट, सगळ्यांत उंच ठरलं ते गणकांच्या या आकडेमोडीतूनच. तेव्हा निघालेली उंची २९,००२ फूट.

सहावा दिवस, शुक्रवार : मसुरी

हाथीपाँवला, एव्हरेस्टच्या घराकडे चढून गेलो. १८३० च्या दशकात त्याने ही जागा घेतली आणि १८४३ मध्ये निवृत्त होईपर्यंत इथून काम चालवलं. आता घराची डागडुजी झाली आहे, पर्यटकही असतात. एका बाजूला खाली दूनचं खोरं, दुसऱ्या बाजूला बर्फाची ओळ. कन्याकुमारीपासून निघालेली सुमारे २४०० किलोमीटरची त्रिकोणांची माळ शेजारच्या बानोगच्या डोंगरावर येऊन संपते.

मी इथे दुसऱ्याच एका माणसासाठी आलो होतो. यंत्रं दुरुस्त करायला एव्हरेस्टने इंग्लंडहून हेन्री बॅरो नावाचा कारागीर आणला. त्याच्यानंतर ती जागा अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेनला मिळावी म्हणून एव्हरेस्टने आग्रह धरला, आणि ती मिळाली. कंपनी सरकारच्या काळात सरकारी उपकरणकार म्हणून एक भारतीय कारागीर, ज्याच्या हातावर एव्हरेस्टसारखा कुणाचंही सहज न ऐकणारा माणूस विसंबत होता. शिखराला त्याचं नाव नाही आणि रस्त्यालाही कुठे पाहिलं नाही. मी त्या ओट्यावर बसून वहीत त्याचं पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली.

वारा बोचरा होता, चारलाच खोलीवर आलो. टेबल खिडकीशी ओढलं. वडिलांच्या वहीतलं आमच्याच शेताचं टिपण मी बरोबर आणलं होतं. टिपणात प्रमाण नसतं, हाताने काढलेली आकृती आणि तिच्यावर साखळ्या-आण्यांचे आकडे, एवढंच. मूळ रेषा १२ साखळ्या ८ आणे. सुरुवातीपासून ४ साखळ्यांवर उजवीकडे लंब ३ साखळ्या ८ आणे. डावीकडे ७ साखळ्यांवर लंब २ साखळ्या ८ आणे.

कागद टाचला. मोठ्या पट्टीने सव्वासहा इंचांची मूळ रेषा. मग छोटी पट्टी तिच्या कडेला टेकवली, चारवर आणली आणि साडेतीनवर टोचलं. सात, अडीच, टोचलं. पट्टी अशी सरकली जणू कालपर्यंत हेच करत होती. त्या काळपट डागावर माझा अंगठा आपोआप बसला. रूलिंग पेनमध्ये शाईचा थेंब सोडला, पाती जवळ आणली, चार बांध जोडले. पुतण्या खुर्ची ओढून शेजारी बसला. क्षेत्र त्याने तोंडी काढलं: साडेबारा गुणिले सहा, भागिले दोन, साडेसदतीस. वडिलांनी कोपऱ्यात लिहिलं होतं, ३७ गुंठे ८ आणे.

टिपणात वायव्येच्या बांधाची लांबीही होती. तो बांध मी मोजून आखलाच नव्हता, तो दोन टोचण्यांमधून आपसूक आला होता. आकडा असलेली कड मी हाताने झाकली आणि डिव्हायडर पुतण्याला दिला. त्याने दोन्ही टोकं कोपऱ्यांच्या भोकांत टेकवली, श्वास धरून उचलला आणि मोठ्या पट्टीवर ठेवला.

"पाच साखळ्या," तो म्हणाला, मग रेघा मोजल्या, "पाच आणे."

मी हात काढला.